पासवर्ड चोरणारा व्हायरस कसा ओळखायचा, कसा काढायचा: कोकणातल्या होमस्टे, सेतू केंद्र आणि घरच्या कॉम्प्युटरसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शंका आत्ताच आली असेल तर खालचं सगळं वाचत बसू नका. कॉम्प्युटरचं वायफाय बंद करा किंवा राउटरची वायर काढा. फोन हातात घ्या आणि फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर त्याच्याही आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. बाकीचं मग वाचा.

हा व्हायरस नेमकं करतो काय?

कॉम्प्युटर बंद पाडत नाही, फाइली लॉक करत नाही, खंडणी मागत नाही. म्हणूनच तो कळत नाही. तो चालू होतो आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, फॉर्म भरताना आपोआप येणारी नावं-पत्ते-कार्ड नंबर आणि लॉगिनच्या कुकीज (आधी लॉगिन केलेल्या माणसाला साइट ज्यावरून ओळखते ती ब्राउझरमधली खूण) गोळा करतो. टेलिग्रामचं लॉगिन, क्रिप्टोची वॉलेट, डेस्कटॉपवरच्या वर्ड-पीडीएफ फाइली असं हाताला लागेल तेही उचलतो, त्याचं एक गाठोडं बांधतो आणि बाहेर पाठवतो. या सगळ्याला बऱ्याचदा एक-दोन मिनिटं पुरतात. काम झालं की यातले कित्येक स्वतःला पुसूनही टाकतात.

रेडलाइन, रॅकून, व्हिडार, लुमा ही यातली गाजलेली नावं. ते बनवणारे वेगळे आणि वापरणारे वेगळे असतात. लुमा तर महिन्याला २५० डॉलरपासून भाड्याने मिळायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या मदतीने रेडलाइनचे सर्व्हर ताब्यात घेतले. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट, अमेरिकेचं न्याय खातं आणि युरोपोल ही युरोपची पोलीस संस्था यांनी मिळून लुमाची सुमारे २,३०० डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, बंद पाडली. त्याआधीच्या दोनच महिन्यांत लुमा शिरलेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटर आढळल्याचं मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगितलं होतं. पण हा धंदा थांबलेला नाही. लुमानेही काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढलं.

"आमच्याकडे चोरूक काय आसा?"

हा प्रश्न मालवणपासून हर्णैपर्यंत सगळीकडे ऐकू येतो आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. बँकेत फार पैसे नाहीत म्हणजे चोरण्यासारखं काही नाही, असं लोक धरून चालतात.

तारकर्लीला तीन खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या घरातला एकच लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. त्यात बुकिंग साइटचं लॉगिन आहे, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, फोन आणि तारीख आहे. गुगलवर हॉटेलचं जे पान दिसतं त्याचा ताबा आहे, इन्स्टाग्रामचं पेज आहे. डेस्कटॉपवर 'गेस्ट आयडी' नावाचा फोल्डर आहे, त्यात वर्षानुवर्षांची आधार कार्डं पडून आहेत, कुणाकुणाचे पासपोर्टही, कारण परदेशी पाहुणा आला की त्याची माहिती सरकारला द्यावी लागते. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराकडे मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांची यादी असते. ते गिऱ्हाईक दरवर्षी पेटीचे पैसे विश्वासाने आगाऊ पाठवतं. ऐन एप्रिलमध्ये त्याच बागायतदाराच्या पेजवरून कुणी दुसऱ्याच यूपीआय नंबरचा क्यूआर टाकला, तर पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि नाव बागायतदाराचं खराब होतं. चोराला तुमचं खातं भरलेलं नसलं तरी चालतं. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे ना, तेवढं त्याला पुरतं.

तो शिरतो कुठून?

वाटा बऱ्याच आहेत, पण सध्या दोन वाटांनी तो सर्वाधिक येतो.

पहिली वाट 'मी रोबो नाही' या खोट्या पानाची. होमस्टेला एक मेल येतो: पाहुण्याची तक्रार आहे, खोलीत ढेकूण निघाले, उत्तर दिलं नाही तर खराब रिव्ह्यू टाकू. किंवा मे महिन्याचं मोठं बुकिंग आहे, तपशील बघा. खाली लिंक. उघडली की नेहमीचा रोबो नसल्याचा चौकोन दिसतो. त्यावर टिचकी मारली की पान सांगतं, पडताळणीसाठी तीन गोष्टी करा: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर मारा. खरी मेख इथे आहे. टिचकी मारतानाच त्या पानाने एक लांबलचक आज्ञा तुमच्या क्लिपबोर्डवर गुपचूप कॉपी केलेली असते. विंडोज-आर दाबल्यावर 'रन'ची छोटी खिडकी उघडते, कंट्रोल-व्हीने ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटर मारताच तुम्ही स्वतःच्या हाताने व्हायरस उतरवून चालू करता. खिडकी इतकी लहान असते की आज्ञेचं शेवटचं टोकच दिसतं, आणि तिथे मुद्दाम 'आय ॲम नॉट अ रोबोट' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच युक्तीचा इशारा दिला होता. बुकिंग डॉट कॉमच्या नावाचे खोटे मेल हॉटेलवाल्यांना पाठवले जात होते आणि त्यात दक्षिण आशियाही होता. कुठलंही खरं पान तुम्हाला विंडोज-आर दाबायला सांगत नाही. ही एक गोष्ट काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला, सुट्टीत मदतीला येणाऱ्या भाच्यालाही सांगून ठेवा.

दुसरी वाट फुकटच्या सॉफ्टवेअरची. फोटो एडिटिंगचं, अकाउंटिंगचं, ऑफिसचं 'क्रॅक', विंडोज ॲक्टिव्हेट करणारं टूल, गेमची चीट. यूट्यूबच्या व्हिडिओखाली लिंक असते, झिप फाइलला पासवर्ड असतो आणि सूचना असते की आधी अँटिव्हायरस बंद करा. झिपला पासवर्ड लावतात तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. काही वेळा फाइल रिकाम्या शून्यांनी फुगवून शेकडो एमबीची केलेली असते, कारण फार मोठ्या फाइली तपासायच्या राहून जातात.

बाकी नावाच्या शेवटी लपलेलं 'डॉट ईएक्सई' आहेच. विंडोज हे शेपूट मुळात दाखवतच नाही, त्यामुळे 'आधार डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल साधी पीडीएफ वाटते. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'खाली 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आजच चालू करून ठेवा.

मी सगळीकडे ओटीपी लावलाय. मग काय बिघडतंय?

ओटीपी असूनही खातं जातं, ते कुकीमुळे. लॉजवर एकदा रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, ओळखपत्र दाखवलं आणि किल्ली मिळाली, की पुढे दर वेळी कुणी ओळखपत्र मागत नाही. ब्राउझरची लॉगिन कुकी म्हणजे ती किल्ली. चोराने तिची नक्कल नेली की तो थेट खोलीत जातो, ओटीपी विचारणारा काउंटर त्याच्या वाटेत येतच नाही.

गुगलने जुलै २०२४ पासून विंडोजवरच्या क्रोममध्ये कुकीजना जास्तीचं कुलूप लावलं. व्हायरस बनवणाऱ्यांनी काही महिन्यांतच त्याच्या पळवाटा शोधल्या. ओटीपी ठेवाच, पण तो आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आपल्याकडे शिरलाय हे ओळखायचं कसं?

कॉम्प्युटर स्लो झाला ही खूण इथे फारशी उपयोगाची नाही. पावसाळ्यात व्होल्टेज वर-खाली होऊन आणि हार्ड डिस्क जुनी होऊनही तो स्लो होतो. त्यापेक्षा हे बघा.

विंडोज-आर दाबून रनची खिडकी उघडा. काही टाइप करू नका, फक्त उजवीकडच्या छोट्या बाणावर क्लिक करा. आधी तिथून चालवलेल्या आज्ञा खाली दिसतात. त्यात 'पॉवरशेल' किंवा 'एमएसएचटीए' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ असेल आणि ती तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने समजून-उमजून टाकलेली नसेल, तर खोट्या पानाला कुणीतरी फसलंय असं धरा. त्या ओळीवर क्लिक करून एंटर मारू नका. फोनने फोटो काढा आणि खिडकी बंद करा.

मग विंडोज सिक्युरिटी उघडा. 'प्रोटेक्शन हिस्टरी'त अलीकडे काही पकडलेलं आहे का ते पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये अगदी खाली 'एक्सक्लूजन्स' असतं, ते उघडा. इथे तुम्ही न टाकलेला फोल्डर, कधी कधी अख्खी सी ड्राइव्हच, लिहिलेली दिसली तर कुणीतरी पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय की इकडे बघू नकोस.

ब्राउझरमध्ये अनोळखी एक्स्टेन्शन आहे का, टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये विचित्र नावाचं काही आहे का, हेही पाहा.

पण बहुतेकांना पहिली खबर कॉम्प्युटरबाहेरून लागते. गुगलचा 'नवीन लॉगिन' असा मेल येतो. पाहुणा फोन करतो, "तुम्ही परत पैसे भरायला लिंक का पाठवलीत?" इन्स्टाग्रामवर तुमच्या नावाने क्रिप्टोची पोस्ट पडते. 'हॅव आय बीन पोन्ड' या मोफत साइटवर आपला ईमेल टाकूनही बघता येतं. मात्र तिथे नाव नाही म्हणजे चोरी झालीच नाही, असं होत नाही.

अँटिव्हायरसने 'नो थ्रेट्स' दाखवलं. सुटलो ना?

नाही. चोर काम करून, स्वतःला पुसून गेला असेल तर स्कॅनमध्ये काय सापडणार? शंकेला कारण असेल तर स्कॅन कोरा आला तरी पासवर्ड आणि लॉगिनचं काम पूर्ण करायचं.

पासवर्ड कुठून बदलायचे, आणि आधी कुठला?

शंका असलेल्या कॉम्प्युटरवरून एकही बदलू नका, नवा पासवर्डही जुन्याच्या मागोमाग जाईल. फोनवरून किंवा शेजारच्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून बदला. हे काम कॉम्प्युटर साफ होण्याची वाट न बघता करायचं. बहुतेक लोक आधी दुकानात लॅपटॉप टाकतात, तो चार दिवसांनी परत येतो, मग पासवर्ड बदलतात. तेवढ्या दिवसांत चोरलेली माहिती विकलीही गेलेली असते.

क्रम असा ठेवा: ईमेल पहिला, कारण बाकी सगळ्यांचे 'फरगॉट पासवर्ड' तिथेच येतात. मग नेटबँकिंग. मग बुकिंग साइट, गुगलवरचं हॉटेलचं पान, फेसबुक-इन्स्टाग्राम. शेवटी वीजबिल, रेल्वे तिकीट वगैरे.

आणि नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, चालू असलेली लॉगिनं तोडा. गुगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी'मध्ये 'युअर डिव्हायसेस' आहे, तिथे ओळखीची नसलेली आणि शंकेच्या कॉम्प्युटरचीही नोंद साइन आउट करा. फेसबुक-इन्स्टाग्रामला 'व्हेअर यू आर लॉग्ड इन', व्हॉट्सॲपला 'लिंक्ड डिव्हायसेस', टेलिग्रामला 'डिव्हायसेस'. सगळीकडे सगळं लॉग आउट. किल्लीची नक्कल निकामी होते ती या एका पायरीने.

जीमेलमध्ये आणखी दोन जागा तपासा. रिकव्हरीचा फोन आणि ईमेल तुमचाच आहे का? आणि मेल दुसरीकडे फॉरवर्ड होतोय का, एखादा फिल्टर बँकेचे मेल परस्पर कचऱ्यात टाकतोय का? फॉरवर्डिंगची ही सेटिंग फोनच्या जीमेल ॲपमध्ये दिसत नाही. स्वच्छ ब्राउझरमध्ये जीमेल उघडून बघावी लागते.

आता कॉम्प्युटर साफ कसा करायचा?

आधी विंडोजचंच हत्यार वापरा. विंडोज सिक्युरिटी, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स', त्यात 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आत तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला फार जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. लाइट जाण्याच्या वेळेला सुरू करू नका, लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.

मग दुसऱ्या डोळ्याने बघून घ्या. 'मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर' इन्स्टॉल करावा लागत नाही. फक्त तो डाउनलोड केल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून पेन ड्राइव्हमधला जुना वापरू नका. सर्ट-इन या सरकारी संस्थेचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून आहे. त्याच्या साइटवर आपल्याच देशातल्या अँटिव्हायरस कंपन्यांची मोफत साफसफाईची टूल्स मिळतात.

एवढं झाल्यावरही माझा सल्ला एकच असतो: ज्या कॉम्प्युटरवर धंद्याचं किंवा बँकेचं काम होतं आणि चोरीची खूण सापडली आहे, तो पूर्ण रीसेट करा. 'रीसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. 'कीप माय फाइल्स'वर विसंबू नका. काय काय राहून गेलंय याची शंका मनात ठेवून वर्षभर त्याच मशीनवर बँक उघडत बसण्यापेक्षा एक दिवस गेलेला बरा. विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मशीनला झेपत असेल तर याच वेळी पुढच्या विंडोजवर जा.

आमच्याकडे रेंजच नाही. रीसेटला नेट लागतं का?

'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर चार जीबीहून जास्त डेटा जाऊ शकतो. फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा पॅक तिथेच संपेल. 'लोकल रीइन्स्टॉल'ला डाउनलोड लागत नाही. मनातली शंका मोठी असेल तर तालुक्याच्या गावी, नाहीतर कुणाकडे फायबर असेल तिथे, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवून आणा आणि त्यावरून कोरं इन्स्टॉल करा. पेन ड्राइव्ह आठ जीबीचा चालतो. दुरुस्तीवाला 'ॲक्टिव्हेटर' टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. जे काढलं तेच परत आत घेण्याचा तो सरळ रस्ता आहे.

फोटो आणि बिलं परत घेतली तर व्हायरस परत येईल?

फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, एक्सेल घ्या. सेटअप फाइली, झिप, क्रॅकचे फोल्डर घेऊ नका. एक गोष्ट हमखास विसरली जाते: क्रोममध्ये परत साइन इन केलं की सिंकबरोबर जुनी एक्स्टेन्शन्सही परत येतात. आधी ती काढून टाका.

सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात एकच कॉम्प्युटर सगळे वापरतात. तिथे काय करायचं?

तिथे जबाबदारी कितीतरी मोठी आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, मच्छीमार सोसायटीची कागदपत्रं अशी अख्ख्या वाडीची माहिती एका 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये साठलेली असते, कारण लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि आपण प्रिंट काढून पुढे जातो. तो फोल्डर रोज संध्याकाळी रिकामा करा, रिसायकल बिनसकट. सरकारी पोर्टलचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका. गिऱ्हाइकाने स्वतःचा मेल उघडला असेल तर इनकॉग्निटो खिडकीत उघडून द्या आणि काम झालं की बंद करा. रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं वेगळं खातं वापरा. आणि त्या मशीनवर पोराला गेम टाकू देऊ नका, कितीही रडला तरी.

पोर्टलचं लॉगिन गेल्याची शंका आली तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या समन्वयकाला लेखी कळवा. तुमच्या आयडीवरून खोटे दाखले निघाले तर आधी कळवल्याची नोंद कामी येते.

पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना सांगायचं का? बदनामी होईल.

सांगायचं, आणि लगेच. बुकिंगचं लॉगिन चोरणारे पुढचं काम करतात ते हेच: तुमच्या नावाने पाहुण्याला लिहितात की कार्ड पडताळणी झाली नाही, बारा तासांत या लिंकवर पैसे भरा. पाहुण्याला बुकिंगची तारीख, खोली, रक्कम सगळं बरोबर दिसतं, म्हणून तो भरतो. तुमचा साधा मेसेज त्याचे पैसे वाचवतो: "आमच्या बुकिंग खात्यात कुणीतरी शिरल्याची शंका आहे. पैसे भरण्याची कुठलीही लिंक आली तर भरू नका, आधी आमच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा." बुकिंग साइटच्या मदत केंद्रालाही कळवा.

आधारच्या प्रती गेल्या असतील तर तेही त्यांना सांगा. आधारच्या अधिकृत ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करता येतात. पुढच्या पाहुण्यांकडून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार मागा आणि जुना 'गेस्ट आयडी' फोल्डर रोजच्या लॅपटॉपवर ठेवू नका.

पैसे गेलेत. आता?

१९३० ला फोन करा, त्याच वेळी बँकेला कळवून खातं किंवा कार्ड थांबवा. १९३० वर तक्रार नोंदली की पैसे पुढे ज्या बँकेत गेले तिथे रोखण्याची धडपड सुरू होते, आणि चोर ते तासा-दोन तासांत चार खात्यांत फिरवतात. म्हणून इथे मिनिटांचा हिशोब आहे. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार टाका, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. सोबत व्यवहाराचा क्रमांक, बँकेचा एसएमएस, आलेला मेल आणि रनच्या खिडकीचा तो फोटो ठेवा. मेल डिलीट करू नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जो अनधिकृत व्यवहार होतो त्याचा भार बँकेवर येतो. उशीर केला तर तो भार तुमच्या अंगावर येऊ शकतो.

मग पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करायचेच नाहीत का?

बँक, मुख्य ईमेल आणि बुकिंग साइटचे नकोत. वेगळं पासवर्ड मॅनेजर ॲप वापरा, नाहीतर सरळ वहीत लिहून कपाटात ठेवा. घरात वही ठेवण्याला लोक हसतात, पण हा व्हायरस कपाट उघडत नाही.

मॅक आहे, काळजी नको ना?

हवी. ॲटॉमिक नावाचा मॅकचा चोर २०२३ पासून फिरतोय. पान जर 'टर्मिनल'मध्ये काही चिकटवायला सांगत असेल तर ते बंद करा.

कॉम्प्युटरमधून फोनमध्ये येईल का?

विंडोजचा हा व्हायरस अँड्रॉइडवर चालत नाही, त्यामुळे चार्जिंगला लावला म्हणून फोनमध्ये उडी मारणार नाही. फोनसाठी चोरांची वेगळी पद्धत आहे: व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची, फाइल येते, ती इन्स्टॉल केली की एसएमएस वाचून ओटीपी पळवते. अशी फाइल उघडली गेली असेल तर विमान मोड लावा, ॲप काढा, ते निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करा, आणि बँकेला दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून कळवा.